नांव आणि कसब

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या निमित्तानें स्नानसंस्काराच्या नोंदवह्या पुन्हां एकदां चाळण्याचा योग आम्हांस आला. अशा वह्यांत इतिहास म्हणून कोणी कांहीं लिहून ठेवीत नाहीं. तरी खरा इतिहास पुष्कळदां तेथेंच सांपडतो. एका ओळींत एक जीव. बालकाचें नांव, आईबापांचीं नांवें, राहण्याचें ठिकाण, बापाचा धंदा, धर्मपिता व धर्ममाता, आणि शेवटीं धर्मगुरूंची सही. आरंभींच्या पानांवर जोसेफ, पीटर, अँथनी, मेरी अशीं नांवें ओळीनें येतात. पुढें त्यांच्या सोबतीस कुशल, प्रवीण, शिल्पा हीं नांवें येऊन बसतात. आणि अगदीं अलीकडच्या पानावर 'तक्ष' हें नांवही आम्हांस आढळलें.

यांतील एका ओळीपाशीं आम्ही थांबलों. बालकाचें नांव 'कुशल' आणि बापाचा धंदा 'मजुरी'. हा बाप आमच्या चांगल्या माहितीचा. तो गवंडी. ज्या भिंतीला टेकून आपण मिस्सेच्या वेळीं उभे राहतों, तिचे कांहीं थर त्याच्याच हातचे आहेत. त्यानें आपल्या मुलास नांव दिलें तें कौशल्याचें. आणि वहींत त्याच्या स्वतःच्या कौशल्याची नोंद झाली ती मात्र 'मजुरी' या एका शब्दानें. नोंद लिहिणारा हात परक्याचा नव्हता. तो आमच्यांपैकींच एकाचा होता. एकाच पानावरील त्या दोन रकान्यांत एवढें अंतर कसें पडलें, याचा शोध घ्यावा, म्हणून हा लेख लिहीत आहों.

पेण आणि रोहें हीं आपलीं दोन गांवें. एक भोगावतीच्या कांठीं, दुसरें कुंडलिकेच्या. दोन्ही पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतलीं. त्या जिल्ह्यास रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. समुद्राचें पाणी खाडीवाटें पेणेच्या खारेपाटांत शिरतें, आणि रोह्याच्या मागें डोंगरांचें रान चढत जातें. खारें पाणी, भाताची जमीन आणि रान या तिहींवर येथील माणसानें आपला चरितार्थ चालविला. आणि पुष्कळांच्या बाबतींत तो चरितार्थच त्यांचें नांव होऊन बसला.

आगरी समाजाचें नांव घ्या. 'आगर' म्हणजे मिठागर. भरतीचें पाणी बांधाच्या आंत घ्यावें, एका वाफ्यांतून दुसऱ्यांत फिरवीत तें आटवावें, आणि उन्हाळ्यांत तळाशीं धरलेलें मीठ ओढून त्याच्या राशी घालाव्या, हें ज्यांचें काम ते आगरी. पाणी केव्हां घ्यावें, केव्हां अडवावें, बांध कोणत्या ठिकाणीं फुटेल, हें ज्ञान पुस्तकांत मिळत नाहीं. तें पायांस व हातांस येतें आणि बापाकडून मुलाकडे जातें. असें ज्ञान ज्यांचें, त्या साऱ्या समाजासच लोकांनीं त्यांच्या आगराचें नांव दिलें.

कातकरी हें नांव तर उघडच 'कात करणारे' असें आहे. खैराच्या लांकडाचा आंतला तांबडा गाभा काढावा, त्याचे बारीक कपटे करावे, ते मडक्यांत घालून उकळावे, रस गाळून पुन्हां आटवावा, आणि तो घट्ट झाला म्हणजे त्याच्या वड्या पाडाव्या, अशी ही कृति. विड्याचें पान तोंडांत रंगतें तें या काताच्या व चुन्याच्या योगानें. रानांत राहणाऱ्या या माणसांचें कसब अशा रीतीनें गांवोगांवच्या पानाच्या डब्यांत जाऊन पोंचलें होतें. पुढें १८७८ च्या जंगलाच्या कायद्यान्वयें सरकार रानें राखीव करूं लागलें, आणि खैरावर कुऱ्हाड घालण्याची मोकळीक हळूहळू संपली. कसब गेलें, नांव मात्र राहिलें. आज पावसाळा संपला म्हणजे कातकरी वाड्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पुढील पावसाच्या तोंडाशीं परततात. ज्या आदिवासी जमातींची स्थिति विशेष बिकट म्हणून सरकारनें निराळी नोंद केली आहे, अशा जमाती महाराष्ट्रांत तीन. त्यांत कातकरी ही एक. ज्यांच्या नांवांतच एक कला आहे, त्यांस आज जग बिनकसबी मजूर म्हणून ओळखतें. आमच्या वहींतील 'मजुरी' या शब्दाचें मूळ शोधूं लागलें म्हणजे असें फार दूर रानांत जावें लागतें.

याच मुलखांत धंद्यावरून पडलेलें आणखी एक नांव आहे, आणि तें आपल्या शेजाऱ्यांचें आहे. बेने इस्रायल लोकांची परंपरा अशी कीं, त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगांवच्या किनाऱ्यास लागले. वांचले ते सात पुरुष व सात स्त्रिया. त्यांचे वंशज कुलाब्याच्या गांवोगांवीं पसरले आणि तेलाचा घाणा चालवूं लागले. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस. त्या दिवशीं घाणा बंद. म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस 'शनवार तेली' म्हटलें. नांव देणाऱ्यांस त्यांच्या धर्मग्रंथाची कांहीं माहिती नव्हती. त्यांस दोनच गोष्टी दिसल्या : सहा दिवस फिरणारा घाणा, आणि सातव्या दिवशीं थांबलेला घाणा. परंतु त्या दोन शब्दांत हातांचें कसब आणि अंतःकरणाची श्रद्धा हीं दोन्ही शाबूत राहिलीं.

या लोकांनीं आडनांवें घेतलीं तीं गांवांवरून. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, कुंडलिकेपलीकडील अष्टमीचे ते अष्टमकर. त्यांचीं जन्मनांवेंही मराठी वळणास आलीं. १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें सिनेगॉग ज्या गृहस्थांनीं बांधविलें, त्यांचें नांव शास्त्राप्रमाणें शमुवेल यहेज्केल, आणि मराठी बोलींत सामाजी हसाजी दिवेकर. पेणेंतही १८६३ पासून त्यांचें सिनेगॉग आहे. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशास गेलीं. घाण्याचा धंदा मागें राहिला, 'तेली' हा शब्दही राहिला. परंतु पेणकर व रोहेकर हीं नांवें त्यांनीं आपल्याबरोबर नेलीं. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. धंद्याचें नांव त्यांस दुसऱ्यांनीं लावलें होतें. गांवाचें नांव त्यांनीं स्वतः घेतलें. माणूस स्वतः घेतो तें नांव तो सहसा टाकीत नाहीं.

मग धंद्याचें नांव माणसें स्वतःहून कधींच घेत नाहींत काय? घेतात, परंतु तो धंदा मानाचा असावा लागतो. देशमुख, कुळकर्णी, चिटणीस, पोतनीस, फडणीस हीं सारीं कामांचींच नांवें. कोणी परगण्याचा कारभार पाही, कोणी पत्रें लिही, कोणी खजिना सांभाळी. आपल्या रोह्याशीं ज्यांच्या घराण्याचें नातें, ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. तेव्हां त्यांच्या आडनांवाकडे कोणी धंद्याचें नांव म्हणून पाहिलें नाहीं, मानाचें नांव म्हणूनच पाहिलें. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी हींही कामांचींच नांवें. हे गांवचे बलुतेदार. सुतारानें वर्षभर नांगर नीट करावा आणि खळ्यावर आपल्या वांट्याचें धान्य घ्यावें, असा जुना करार. नांगरावांचून शेत नाहीं आणि शेतावांचून देशमुखी नाहीं. तरी लेखणीचें नांव भूषण ठरलें आणि वाकसाचें नांव जातीचा शिक्का ठरलें. दोष कामाचा नव्हे, पाहणाऱ्याच्या दृष्टीचा आहे.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांची कथा थोडी निराळी आहे. आपल्या जिल्ह्यांतील रेवदंडा व कोर्लई हीं ठिकाणें १७४० पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतीं. त्यांच्या अमलाखालीं जे ख्रिस्ती झाले, त्यांस धर्मगुरूचें किंवा धर्मपित्याचें आडनांव मिळे. त्या आडनांवांतही धंदे दडलेले आहेत. 'फरेरा' या नांवाच्या मुळाशीं लोखंड व लोखंडाचें काम आहे. 'मच्याडो' म्हणजे कुऱ्हाड. 'मोंतेरो' म्हणजे रानांतला शिकारी. 'काल्देरा' म्हणजे मोठी कढई. दूर देशांतील कोणा लोहाराचें नांव येथें एखाद्या भाताच्या शेतकऱ्यास मिळालें, आणि कोणा शिकाऱ्याचें नांव जाळें टाकणाऱ्या कोळ्यास. अर्थ कोणास ठाऊक नव्हता. म्हणून त्या नांवानें कोणी कोणास हिणविलेंही नाहीं. येशूसंघाच्या आद्य सोबत्यांपैकीं संत पीटर फेबर यांच्या आडनांवाचा अर्थही कारागीर असाच होतो. ते सॅव्हॉयच्या डोंगरांत मेंढरें राखीत वाढले. २०१३ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संत म्हणून जाहीर केलें. त्यांचें नांव कोणाच्या जिभेवर आलें म्हणजे लोहाराची जात आठवत नाहीं, संत आठवतो.

येथवर आडनांवांचा व समाजांच्या नांवांचा विचार झाला. हीं नांवें मूल जन्मण्यापूर्वींच त्याची वाट पाहत बसलेलीं असतात. त्याच्या स्वतःच्या नांवाची गोष्ट वेगळी. तें नांव आईबाप निवडतात. म्हणून त्यांत त्यांची आशा असते. लूक शुभवर्तमानकारानें याचा एक सुंदर प्रसंग लिहून ठेविला आहे. एलिझाबेथेस वृद्धपणीं मुलगा झाला, तेव्हां नातेवाईक त्यास बापाचें नांव देऊं लागले. आईनें योहान हें नांव सांगतांच ते म्हणाले कीं, तुमच्या कुळांत हें नांव कोणाचें नाहीं. अखेर मुक्या झालेल्या जखऱ्यानें पाटी मागितली आणि तेंच नांव लिहिलें. बाप याजक, आजे-पणजे याजक. मुलगा मात्र रानांत राहणारा संदेष्टा झाला. कुळाचा धंदा मुलाच्या कपाळीं लिहिलेला नसतो, हें त्या पाटीवर प्रथम लिहिलें गेलें.

तरी पवित्र शास्त्रानें कारागिरास कमी लेखिलें आहे, असें कोणीं समजूं नये. निर्गमाच्या पुस्तकांत निवासमंडप उभारण्याची वेळ आली, तेव्हां परमेश्वरानें बसालेल यास नांव घेऊन बोलाविलें. सोनें, रुपें, पितळ, रत्नांचें कोंदण आणि लांकडाचें नक्षीकाम, या सर्वांसाठीं त्यास आपल्या आत्म्यानें परिपूर्ण केलें असें तेथें सांगितलें आहे. त्याच्या जोडीस अहलियाब दिला. राजा नव्हे, सेनापति नव्हे. एका कारागिराच्या हातांसाठीं देवाचा आत्मा आला. प्रेषितांच्या काळींही तसेंच. पौल तंबू करी, आणि त्याच धंद्याचे म्हणून तो अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहिला. लुदिया जांभळें वस्त्र विकी. याफोची टबीथा, जिला दुर्कस असेंही म्हणत, ती वारली तेव्हां विधवांनीं तिच्या गुणांचें वर्णन केलें नाहीं. तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें पेत्रासमोर धरून त्या रडत उभ्या राहिल्या. आज ख्रिस्ती घरांत प्रिस्किल्ला, लिडिया, टबीथा हीं नांवें ठेवितात, तेव्हां सुई, रंग आणि तंबूचें कापड यांची आठवण त्या नांवांत असते, मग ती कोणास असो वा नसो.

आणि या सर्वांत मोठें उदाहरण नासरेथचें. प्रभु आपल्या गांवीं येऊन सभास्थानांत शिकवूं लागला, तेव्हां ऐकणारे चकित झाले. परंतु लागलेंच त्यांस त्याचा धंदा आठवला. मार्क सांगतो कीं, त्यांनीं त्यास सुतार म्हटलें. मत्तय सांगतो कीं, सुताराचा पुत्र म्हटलें. शब्द खरा होता, परंतु उच्चारला होता तो तुच्छतेनें. याला हें ज्ञान कोठून, असा त्याचा भाव. दुसऱ्या शतकांतील संत जस्टिन लिहितात कीं, प्रभु नांगर आणि जूं करीत असे. आपल्या कोंकणांतला सुतारही तेंच करीत आला. म्हणजे खळ्यावर बलुतें मागावयास उभा राहणारा जो माणूस, त्याच्याच हातचें काम जगाच्या तारणाऱ्यानें तीस वर्षांच्या आयुष्यांत केलें.

मूळ ग्रीक शुभवर्तमानांत येथें शब्द आहे 'तेक्तोन्'. लांकडाचें व बांधकामाचें काम करणारा, असा त्याचा अर्थ. भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं, हा शब्द आणि संस्कृतांतील 'तक्षन्' म्हणजे सुतार, हे दोन्ही एकाच प्राचीन मुळापासून निघाले आहेत. 'तक्ष्' म्हणजे तासणें, घडविणें. आमच्या वहींतील अगदीं अलीकडचें 'तक्ष' हें नांव वाचून आम्हांस प्रथम वाटलें होतें कीं, हें नवीन पद्धतीचें नांव कोठून आलें? आतां कळलें कीं, नासरेथच्या लोकांनीं ज्या शब्दानें प्रभूस हिणविलें, त्याच शब्दाचा हा संस्कृत भाऊ. त्या आईबापांस हें ठाऊक होतें कीं नाहीं, आम्ही विचारलें नाहीं. परंतु वहीच्या पहिल्या पानावरील जोसेफ आणि शेवटच्या पानावरील तक्ष यांत वाटतें तेवढें अंतर नाहीं, हें मात्र खरें.

योसेफ या इब्री नांवाचा अर्थ सुतार असा नाहीं. 'देव आणखी देवो' असा कांहींसा आहे. तरी जोसेफ म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें करवत व रंधा येतो. अर्थानें नव्हे, माणसानें तें नांव कसबाचें केलें. पवित्र सभेनेंही हळूहळू त्या कसबाचा मान वाढविला. १८७० सालीं पोप नववे पायस यांनीं संत योसेफास अखिल ख्रिस्तसभेचा आश्रयदाता म्हणून जाहीर केलें. १९५५ सालीं पोप बारावे पायस यांनीं मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, जगभर कामगार जो दिवस पाळतात त्याच दिवशीं, कामकरी संत योसेफाचा सण नेमून दिला. १९६२ सालीं पोप तेविसावे जॉन यांनीं मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेंत त्याचें नांव घातलें. आणि २०२० च्या ८ डिसेंबरापासून एक वर्ष पोप फ्रान्सिस यांनीं त्याच्या नांवें पाळावयास सांगितलें. नासरेथनें ज्या धंद्याचें नांव खालीं पाडलें, तें पवित्र सभेनें उचलून वेदीवर ठेविलें.

हेंच कार्य महाराष्ट्रांत संतांनीं केलें. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी हीं नांवें उच्चारतांना धंदा मागें टाकावा असें कोणास वाटत नाहीं. धंद्यासकट नांव घेतलें तरच तें पूर्ण वाटतें. त्यांनीं आपलें काम सोडून भक्ति केली नाहीं. चाकावर, मळ्यांत, बागेसरीपाशीं बसून केली. २०२० च्या जानेवारींत धाराशिव येथें, ज्याचें नांव तेव्हां उस्मानाबाद होतें, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. त्याचे निवडलेले अध्यक्ष वसईचे धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो. संमेलनाच्या नगरीस नांव दिलें होतें तेरच्या गोरोबा काकांचें. एका कुंभाराच्या नांवाच्या मंडपांत एका कॅथोलिक धर्मगुरूस मराठीनें आपला मानाचा पाट दिला, ही गोष्ट आम्ही मराठी ख्रिस्ती विसरणार नाहीं.

आतां वहींतील कुशल, प्रवीण व शिल्पा या नांवांकडे वळूं. पूर्वी स्नानसंस्काराच्या वेळीं संताचेंच नांव ठेवावें, असा कटाक्ष असे. १९१७ च्या धर्मसंहितेंत असा नियम होता कीं, आईबापांनीं ख्रिस्ती नांव दिलें नाहीं, तर धर्मगुरूनें एखाद्या संताचें नांव जोडून दोन्ही नांवें वहींत लिहावीं. १९८३ च्या नव्या संहितेंत एवढेंच सांगितलें आहे कीं, ख्रिस्ती भावनेस परकें असें नांव देऊं नये. त्यामुळें आपल्या मायबोलीचीं नांवें वेदीपर्यंत मोकळेपणानें येऊं लागलीं. या नांवांचें मूळ पाहिलें तर तीं केवळ गोड नांवें नाहींत, असें दिसून येतें. जुने पंडित 'कुशल' शब्दाची फोड अशी करीत कीं, कुश नांवाचें धारदार गवत हात न कापतां जो खुडून आणतो, तो कुशल. अकराव्या शतकांतील मम्मटानें काव्यप्रकाशांत हाच शब्द उदाहरणास घेतला आहे : मूळ अर्थ लोपून कोणत्याही कामांत चतुर असा अर्थ कसा रूढ झाला, हें त्यास दाखवावयाचें होतें. 'प्रवीण' म्हणजे वीणावादनांत श्रेष्ठ, अशी तशीच फोड. 'शिल्प' म्हणजे हातानें घडविण्याची कोणतीही कला. म्हणजे गवत खुडणारा, वाद्य वाजविणारा आणि दगड घडविणारा, असे तीन कसबी या तीन नांवांत उभे आहेत. परंतु काळाच्या ओघांत हात नाहींसा झाला आणि गुण तेवढा राहिला. कामाचा विसर पडल्यावरच तीं नांवें आम्हांस सुंदर वाटूं लागलीं, हें कबूल केलें पाहिजे.

काम डोळ्यांपुढें असूनही त्याचा मान राहूं शकतो, याचें उदाहरण मात्र आपल्या दारांतच आहे. पेणेच्या गणेशमूर्ति देशांत व परदेशांतही जातात. त्यांच्या पूजेशीं आपला संबंध नाहीं. परंतु शेजाऱ्याच्या हातांतील कसबाचें कौतुक करण्यास धर्म आड येत नाहीं. शाडूची माती मळणें, साचा भरणें, सांधे जुळविणें, रंग देणें, आणि सर्वांशेवटीं डोळ्यांची आखणी. ही आखणी म्हणजे पेणेची खूण. एका रेषेनें मुद्रा प्रसन्न होते आणि एका रेषेनें बिघडते. हें काम आज केवळ कुंभारांचें राहिलें नाहीं. हमरापूर, जोहे या बाजूच्या गांवांतून आगरी घरांतील तरुण व स्त्रियाही तें करितात. कोणाच्याही जातीनें त्यांस तें शिकविलें नाहीं, शेजाऱ्यानें शिकविलें. म्हणून तेथें माणूस 'मी मूर्तिकार' असें मान वर करून सांगतो.

याच पेण तालुक्यांतील गागोदें येथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं एका ब्राह्मण घरांत विनायक नांवाचा मुलगा जन्मला. पुढें जग त्यास विनोबा भावे म्हणून ओळखूं लागलें. विद्वान् घराण्यांत जन्मून त्यांनीं वर्षानुवर्षें सूत कातलें, विणकाम केलें, आणि तें पोटासाठीं नव्हे तर शरीरश्रमाची प्रतिष्ठा पटली म्हणून. जन्मानें ज्यास हातांचा धंदा मिळाला नव्हता त्यानें तो मागून घेतला. आणि ज्यांस तो जन्मानें मिळाला, ते मात्र तो लपवावयास शिकले आहेत, ही आपल्या काळाची शोकांतिका आहे.

हें आम्ही पुस्तकांतून म्हणत नाहीं. त्या 'मजुरी' शब्दाविषयीं आम्हीं पुढें एकदां त्या गवंड्यास विचारलें. वहींत चुकलें असेल तर शेजारीं तशी टीप लिहितां येईल, असें सांगितलें. तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ऱ्हाऊं द्या, मजुरीच बरी. गवंडी लिवलंत तर उद्यां पोराला गवंड्याचा पोर म्हणतील." लिहितांना चूक झाली नव्हती. त्यानेंच तसें सांगितलें होतें, आणि आम्हीं एक शब्दही न विचारतां तें लिहून घेतलें होतें. आम्हीं विचारलें असतें, तर निदान कोणास तरी त्याच्या कसबाची ओळख आहे, एवढें त्यास कळलें असतें.

त्या दिवशीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आज सुचतें. गवंड्याचा पोर आणि सुताराचा पुत्र, या दोन शब्दप्रयोगांत अंतर किती? ज्यास नासरेथमध्यें सुताराचा पुत्र म्हणून नाकारलें, त्याच्या नांवानें आपण त्या बालकाच्या मस्तकावर पाणी ओतलें. असें असतां त्याच्या बापास स्वतःच्या थापीची लाज वाटावी, ही त्याची चूक नव्हे. त्यास तशी लाज वाटेल असें जग ज्यांनीं चालूं दिलें, त्यांत आपणही आहों. मुलास कुशल हें नांव देणें सोपें आहे. बापास कुशल म्हणणें कठीण जातें, कारण त्यासाठीं त्याचे हात पाहावे लागतात.

म्हणून ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आमची एक लहानशी सूचना आहे. जुनी नोंद कोणाच्या इच्छेविरुद्ध बदलूं नये. ती जशी आहे तशीच राहूं द्यावी, कारण तीही आपला इतिहासच आहे. परंतु यापुढें स्नानसंस्काराच्या वेळीं 'बापाचा धंदा' हा रकाना भरतांना घाई करूं नये. गवंडी असेल तर गवंडी, मिठागरांत काम करीत असेल तर मिठागरी, वीटभट्टीवर विटा पाडीत असेल तर विटा पाडणारा, आखणी करीत असेल तर मूर्तिकार, असें स्पष्ट विचारून, त्यास मान देऊन लिहावें. आणि आईच्या हातांतही पुष्कळदां कसब असतें. त्यासाठीं रकाना नसेल तर तो आंखून घ्यावा.

मुलांचीं नांवें आईबापांनीं आपल्या आवडीचीं ठेवावीं. जोसेफ ठेवा, टबीथा ठेवा, कुशल ठेवा, तक्ष ठेवा. परमेश्वरानें बसालेलास नांव घेऊन बोलाविलें, तेव्हां त्याच्या नांवाबरोबर त्याचे हातही बोलाविले होते. आपल्या वहींतही नांव आणि हात एकाच ओळींत, एकाच मानानें लिहिले जावोत, हीच संत योसेफाच्या चरणीं आमची प्रार्थना.